आधी पाणी बघा

मे-जून आला की ठाण्या-डोंबिवलीत मसाई माराच्या सहलींच्या जाहिराती झळकायला लागतात. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट सेरेंगेटीतून निघून, मारा नदीत उड्या टाकून हिरव्या गवताकडे जातात. आयुष्यात एकदा ते बघावं असं मलाही मनापासून वाटतं. पण स्थलांतराच्या मागे दरवर्षी फिरायचं असेल, तर डोंबिवलीहून ठाणे आणि ठाण्याहून वाशी लोकलने ऐरोली एवढा प्रवास पुरतो. नोव्हेंबर-डिसेंबरात ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरू लागतात आणि मे अखेरपर्यंत राहतात. बरा हंगाम असला की त्यांचा आकडा लाखापलीकडे जातो. त्यांच्यामागे हिंडून जे शिकलो ते इथे लिहितो.

१. पंचांग जवळ ठेवा

जंगलात वाघाची वेळ कुणी सांगू शकत नाही. खाडीतल्या फ्लेमिंगोची सांगता येते, कारण ती पाण्याची वेळ असते. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चरायला येतात, भरतीने चिखल झाकला की उठतात.

आपल्याकडचा जुना ठोकताळा अजूनही कामाला येतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा. हे झालं मुंबईच्या किनाऱ्याचं गणित. तिथून पाणी खाडीत वर चढायला आणखी वेळ लागतो, तो धरून चाला. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारी सकाळी सातला थवा दिसला तर या रविवारी सातला दिसेलच असं नाही.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, त्याही याच हिशेबाने. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते, पूर्ण भरतीला पक्षी नसतात. मधला थोडा वेळ सोन्याचा. निघण्याआधी केंद्रात फोन करून वेळ विचाराच.

२. बोट थव्यात घालायला सांगू नका

बोटीत कुणीतरी नावाड्याला 'अजून जवळ घ्या' म्हणतंच. सगळा थवा एकदम उडावा आणि फोटो मिळावा, एवढीच त्याची इच्छा असते. पण त्या उड्डाणाची किंमत पक्षी मोजतो. चरायला मिळणारे मोजके तास त्यात वाया जातात.

इंजिन बंद करून थांबलं, तर चढतं पाणी थव्याला हळूहळू तुमच्याकडे सरकवतं. मग बघण्यासारखं खूप असतं. चरताना फ्लेमिंगोचं डोकं पूर्ण उलटं होतं, चोचीची वरची बाजू खाली जाते. जीभ भात्यासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. चोचीतल्या बारीक जाळीत अन्न अडकतं. छोटा फ्लेमिंगो त्या जाळीतून सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. त्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठा फ्लेमिंगो अंगाने पांढुरका, चोच गुलाबी आणि टोक काळं. तो चिखलातले किडे, शिंपले, कोळंबीसारखे जीव खातो आणि पायांनी चिखल तुडवत स्वतःभोवती फिरतो. ओहोटीच्या चिखलावर त्याची गोल वर्तुळं उमटलेली दिसतात.

३. गुलाबी रंगापलीकडेही बघा

फ्लेमिंगोंच्या पायाशी जे इवलेसे करडे पक्षी पळत असतात, त्यांतले बरेच सायबेरियाच्या टुंड्रातून आलेले असतात. उचाट्याची वर वळलेली चोच ओळखायला सोपी. शिकारी मार्श हॅरियर कांदळवनावरून खाली आला की चिखलावरचे सगळे पक्षी एका झटक्यात उठतात. हे उड्डाण निसर्गातलं, ते मनसोक्त बघा.

४. खाडी कशाने भरते ते विसरू नका

छोट्या फ्लेमिंगोचं शेवाळ वाढायला पोषण लागतं, आणि अभ्यासकांच्या मते त्यात आपल्या शहरांच्या सांडपाण्याचा मोठा वाटा आहे. हा आपल्या नाल्यांचा गौरव नाही. शेवाळाबरोबर कारखान्यांची रसायनं आणि प्लास्टिकही त्याच चिखलात उतरतं.

५. भरतीला थवा जातो तिथेही जा

माझ्या मते खाडीचं खरं दुखणं इथे आहे, आणि बोटीतून ते दिसत नाही. २०१५ साली ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान सुमारे १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं. २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली; नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरची महाराष्ट्राची तिसरी जागा. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २००५ पासून मनाई केलेली आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण चिखल पाण्याखाली गेल्यावर पक्ष्यांनी कुठे उभं राहायचं? ते नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे जातात. डीपीएस तलाव त्यांपैकीच एक, चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये गुलाबी थवा. २०२४ मध्ये त्या तलावात खाडीचं पाणी येणं बंद झालं, तलाव सुकला आणि त्या परिसरात फ्लेमिंगो मरून पडले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ एका विमानाच्या धडकेत ३९ फ्लेमिंगो गेले.

म्हणून बोटीची सहल झाली की दुसऱ्या एखाद्या दिवशी ऐन भरतीला नेरुळला जा. पाणी आत यायची वाट मोकळी आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चरायची जागा राखली आणि विसाव्याची बुजवली, तर थवा टिकणार नाही.

६. पावसाळ्यात कच्छच्या बातम्या वाचा

जून ते ऑक्टोबर खाडीत जाऊन फारसा उपयोग नाही, पण तेव्हाच पुढच्या हंगामाची मांडणी होत असते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) २०२२ मध्ये सहा फ्लेमिंगोंवर उपग्रह-टॅग बसवले. त्यांना सालिम, हुमायूं, खेंगारजी, नवी मुंबई अशी नावं दिली. त्यांच्या नोंदींतून आपली खाडी आणि गुजरात यांच्यातली ये-जा उलगडत गेली. कच्छच्या रणात पाऊस चांगला झाला, पाणी पसरलं, की फ्लेमिंगो चिखलाचे बुटके मनोरे रचून त्यावर एकेक अंडं घालतात. भोवती पाणी असेतो कोल्ह्या-कुत्र्यांपासून बचाव होतो. आफ्रिकेतही तसंच आहे. सेरेंगेटीच्या पूर्वेला टांझानियातलं नेट्रॉन सरोवर छोट्या फ्लेमिंगोंचं मुख्य वीणस्थान आहे, आणि तिथली वीणही पाण्याच्या पातळीवरच अवलंबून असते.

पिल्लं राखाडी असतात, गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून खाडीतले राखाडी पक्षी म्हणजे अलीकडच्या विणीचा हिशेब. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात जरूर नाव द्या. थवा मोजून झाला की त्यातले राखाडी पक्षी वेगळे मोजा आणि तो आकडा दरवर्षी एकाच वहीत लिहा.