फिजिओथेरपीला घालावं का? लातूर-नांदेडच्या पालकांसाठी

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांत एकच हिशेब सुरू होतो. एमबीबीएस बसत नाही, मग बीडीएस? बीएएमएस? बीएचएमएस? फिजिओथेरपीचं नाव सगळ्यात शेवटी येतं, तेही चेहरा पाडून. मला हे खटकतं. या दोन जिल्ह्यांना या विद्येची किती गरज आहे, हे कळायला कुठलाही अहवाल वाचावा लागत नाही. घरातल्या आईला, आजीला खाली बसून उठताना पाहिलं तरी पुरे.

आपल्याकडच्या बायकांचा जन्म उकिडवं बसून खुरपण्यात आणि सोयाबीन काढण्यात जातो. पन्नाशीच्या आतच गुडघे धरतात. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना त्या दमतात, पण खरी कळ येते ती उतरताना. उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या घरात भार येतो आणि तो पेलायचं मुख्य काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं असतं. तो कमजोर पडला की सांध्याला जास्त सोसावं लागतं. गोळीनं दुखणं दबतं, स्नायूला बळ येत नाही. ते व्यायामानंच येतं, आणि कोणता व्यायाम, किती, कधी थांबायचं, हे ठरवायला शिकलेला माणूस लागतो.

दुसरीकडे तालीम आणि मैदान. हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिलेला हा लातूर जिल्हा. इथली पोरं कुस्ती, कबड्डी, खो-खो खेळतात आणि गुडघे दुखावून घेतात.

समजा, कबड्डीत पाय अडकून गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलेला मुलगा शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरानं आला आहे. गुडघा सुजलेला असतो, आणि सूज असली की मांडीचा स्नायू ऐकतच नाही. मुलगा जीव खाऊन जोर लावतो, स्नायू जेमतेम हलतो. फिजिओथेरपिस्ट गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, वाटीच्या वर आतल्या बाजूला दोन बोटं टेकवते आणि सांगते, ‘गुंडाळी खाली दाब, पाच सेकंद धर, सोड.’ बोटांखाली स्नायू घट्ट होतो का, हे तिला पाहायचं असतं. मग गोनिओमीटर लावून कोन मोजायचा: पाय पूर्ण सरळ होतो का, वाकतो किती अंश. पुढे तोल सांभाळणं, जिना, पळणं, पळता पळता दिशा बदलणं. मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात दुखायचं थांबतं आणि पोरगा स्पर्धेला निघतो. नव्यानं बसवलेलं लिगामेंट तेव्हा पक्कं झालेलं नसतं. त्याला अडवणं, त्याच्या वडिलांची समजूत घालणं, हेही याच कामात येतं. म्हणून पालकांना माझा पहिला प्रश्न मार्कांचा नसतो. तुमच्या मुलीला किंवा मुलाला एकाच पेशंटजवळ अर्धा तास न कंटाळता थांबता येतं का? येत नसेल, तर दुसरी वाट बघा.

या विद्येचं देशातलं पहिलं शिक्षणही आपल्याच राज्यात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओच्या साथींच्या काळात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. गुडघा हा तिचा एक भाग झाला. लकवा, मणक्याची दुखापत, अतिदक्षता विभागातली छाती, सेरेब्रल पाल्सी असलेली बाळं, हे सगळं तिच्याच कक्षेत येतं.

प्रवेशाचं थोडक्यात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. प्रवेश नीटच्या आधारे राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. आतापर्यंत अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता. केंद्राच्या 2025 च्या नव्या आराखड्यात तो पाच वर्षांचा आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. लातुरातच महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओथेरपी आहे. फी कमी असलेल्या शासकीय आणि महापालिकेच्या जुन्या, नावाजलेल्या जागा मुंबई-नागपुरात आहेत, तिथली मेरिट तेवढीच वर असते.

पैशाबद्दल लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि दोन-तीन वर्षं तरी ओढाताण होते. जमीन विकून किंवा व्याजानं पैसे काढून फी भरायची वेळ येत असेल, तर थांबा आणि आधी स्वस्त जागेचा पर्याय पाहा. मात्र उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवट अशा तालुक्याच्या गावी ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी जुळवून घेऊन हात बसवलेल्या माणसाला पेशंट शोधत फिरावं लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. सकाळी दहाला ओपीडीत जाऊन बसा. पेशंट येतात का, विद्यार्थ्यांना हात लावू देतात का, सोबत चालतं हॉस्पिटल आहे का, ते डोळ्यांनी पाहा. विद्यापीठाची संलग्नता कागदावर तपासा. सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. त्या प्रमाणपत्रावर राज्य परिषदेची नोंदणी मिळत नाही. आणि पसंतीक्रम भरण्याआधी मुलांना जवळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे, परवानगी घेऊन, चार दिवस नुसतं बसायला पाठवा. पाचव्या दिवशी त्यांना काय वाटतं ते विचारा, मगच फॉर्म भरा.