ब्रेकच्या वायरीपासून सुरुवात कर

कॉव्हेंट्री,
रविवार

सायली,

तुझा मेसेज पोचला, गाडीचे फोटोही बघितले. २०१२ ची फियाट ड्युकॅटो, २.३ लिटरचं डिझेल इंजिन, मागे घराची पेटी. गाडी चांगली घेतलीस. आता ताई आणि भाऊजी सांगलीहून येणार, अनिकेत आणि तू धरून चौघं मिळून रेडिंगहून थेट स्कॉटलंडच्या उत्तरेपर्यंत जाणार, आणि तासभर गाडी चालवली की तुझा उजवा पाय भरून येतो, म्हणून क्रूझ कंट्रोल बाहेरून बसवून घ्यावं का, असं विचारलंस. बसवून घे. पण हे दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, आणि मी पडलो जन्मभर गाड्यांच्या वायरी जोडणारा, तेव्हा पत्र लांबणार.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. ठरवलेला वेग धरून ठेवणं हे क्रूझ कंट्रोलच्या डबीच्या दृष्टीने सोपं काम. कुठलंही बरं किट ते करतं. सांगितल्याक्षणी वेग सोडून देतं की नाही, यावर किट आणि ते बसवणारा, दोघांची परीक्षा होते. दुकानदार तुला पहिलं काम दाखवेल. तू दुसऱ्याबद्दल विचार.

क्रूझ कंट्रोलची कल्पना ज्याला सुचली तो राल्फ टीटर अमेरिकेतला इंजिनिअर. पाचव्या वर्षी त्याचे डोळे गेले. स्वतः गाडी चालवणं शक्यच नव्हतं, आणि ज्यांच्या शेजारी तो बसायचा ते गप्पांच्या नादात अ‍ॅक्सिलरेटर कमीजास्त करत आचके द्यायचे. ते त्याला सहन होईना. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि क्रायस्लरने १९५८ च्या मॉडेलांत ते यंत्र आणलं. म्हणजे ड्रायव्हरच्या पायाच्या आधी शेजारी बसणाऱ्याच्या पोटातल्या पाण्याचा विचार झालेला आहे. भाऊजींना गाडी लागते, त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

किट घेण्याआधी कंपनीचंच बसतंय का ते बघ. काही गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये ही सोय मुळात असते, फक्त झोपवून ठेवलेली असते. फोक्सवॅगनच्या टी५ ला इंडिकेटरची दांडी बदलायची, वायर ओढायची आणि लॅपटॉप लावून कोडिंग करायचं, की झालं. ड्युकॅटोतही काही इंजिनांना असं करता येतं. तुझ्या गाडीला जमत असेल तर तेच कर. ब्रेक, क्लच, वेग, सगळी खबर त्या कॉम्प्युटरला आधीच असते, म्हणून बाहेरचे जोड कमी. आणि जोड जितके कमी तितकी पाच वर्षांनी होणारी कटकट कमी.

ते जमत नसेल तर बाहेरचं किट. जुन्या पद्धतीच्या किटात व्हॅक्यूमवर चालणारा डबा असायचा. तो केबलने थ्रॉटल ओढायचा, आणि वेग मोजायला ड्राइव्ह शाफ्टवर लोहचुंबक बांधावे लागायचे. तुझ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरला केबलच नाही, त्यामुळे तो प्रकार बाद. तुझ्या पेडलच्या मागे दोन सेन्सर आहेत. पेडल दाबलं की दोघांचा व्होल्टेज वाढतो, पण एकाचा दुसऱ्याच्या साधारण निम्मा असतो. इंजिनचा कॉम्प्युटर सतत दोघांचा ताळा करत असतो. ताळा चुकला की पिवळा दिवा लावतो आणि इंजिनची ताकद काढून घेतो. नवं किट पेडल आणि त्याच्या सॉकेटच्या मध्ये बसतं. एरवी पेडलचा संदेश जसाच्या तसा पुढे जाऊ देतं. तू वेग ठरवलास की तोच दुहेरी व्होल्टेज स्वतः तयार करून पाठवतं. त्या गाडीसाठी नेमून दिलेला हार्नेस घ्यायचा तो याचसाठी. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून कोणी वायरींचा झुबका हातात दिला तर परत कर.

आता ब्रेक. किटची एक वायर ब्रेक पेडलच्या स्विचवर जाते. पेडलला पाय लागला, ब्रेकचा दिवा लागला, की क्रूझ सुटलं पाहिजे. माझ्याकडे एक जोडपं कॅम्पर घेऊन आलं होतं. दुसऱ्या एका गॅरेजात किट बसवलं होतं, छान चालत होतं आणि एके दिवशी वेग धरेचना. डबी जळाली असं त्यांना सांगून नव्या डबीचा खर्चही काढून दिलेला. मी मागे जाऊन बघितलं तर नवऱ्याने हौसेने ब्रेकचे बल्ब काढून एलईडी लावलेले. त्या जातीची किटं बल्बच्या तारेतून अर्थ, म्हणजे अर्थिंग, शोधतात. ब्रेक दाबलेला नसतो तेव्हा त्या वायरीला बल्बमधून अर्थ मिळतो, म्हणजे बल्ब शाबूत आहे, पाय वर आहे, हरकत नाही. एलईडीतून तसा अर्थ मिळत नाही. डबीला वाटतं वायर तुटली, आणि ती धरायला नकार देते. डबी बरोबरच होती. संशय आला की धरायचं नाही, हा त्या डिझाइनचा शहाणपणा. साधे बल्ब परत लावले, काम झालं. तुझ्या गाडीला मागे घराची पेटी असल्याने मागचे दिवे पेटी बांधणाऱ्याने स्वतंत्र बसवलेले असणार आणि त्यांचा अर्थ कुठेतरी गंजलेल्या स्क्रूवर असणार. किट घेण्याआधी तिथे मल्टिमीटर लाव. हेडलाइट, इंडिकेटर आणि ब्रेक एकाच वेळी लावून बघ. एक लावल्यावर दुसरा मंद होत असेल तर अर्थ आधी दुरुस्त कर.

क्लचचंही तेच. क्रूझ चालू असताना क्लच दाबला आणि डबीला ते कळलं नाही, तर इंजिन मोकळं ओरडत सुटतं. इंजिनाचे फेरे एकदम चढले की सोडून देण्याची सोय बऱ्याच किटांत असते, पण तिच्या भरवशावर क्लचची वायर टाळणारा फिटर आळशी समज.

वायर जोडायची तर सोल्डर करून वर नळी चढव, नाहीतर नीट क्रिंप. ते निळे चिमटे, वायरीचं कातडं कापून आत रुततात ते, पेडलजवळ तर नकोतच. तिथे बुटाचं पाणी येतं, जोड हिरवा पडतो, आणि पुढच्या हिवाळ्यात गाडी कधी धरते कधी सोडते. बॅटरी आधी काढायची. ड्युकॅटोची बॅटरी केबिनमध्ये पायाखालच्या झाकणाखाली असते. मागच्या घराची बॅटरी वेगळी, आणि छतावर सोलर असेल तर त्याचा चार्जर पुढच्या बॅटरीलाही जोडलेला असू शकतो, म्हणून तोही बंद कर. बॅटरी परत जोडल्यावर रेडिओ कोड मागेल, तो आधी शोधून ठेव. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या सॉकेटांना हात लावू नकोस, ती एअरबॅगची आहेत.

किट बसलं की पावती घेऊन विमा कंपनीला कळव. गाडीत केलेला बदल सांगावाच लागतो. न सांगता दावा केलास तर तेच कारण पुढे करतील.

पहिली चाचणी रविवारी सकाळी, मोकळ्या ड्युअल कॅरेजवेवर, दोघंच जा. चाळीस मैलांवर धर. मग ब्रेकला नुसता अंगठ्याचा भार दे, गाडी मंदावण्याइतकाही नको. सुटलं पाहिजे. पुन्हा धर, क्लचला पाय लाव. सुटलं पाहिजे. पुन्हा धर, बटणाने बंद कर. रात्रीचे दिवे लावून हेच सगळं परत कर. तिन्ही वाटांनी दर वेळी सुटत असेल तरच पन्नासच्या पुढे जा. चढावर गाडी पुढे-मागे झुलल्यासारखी करत असेल, म्हणजे जोर देते, सोडते, परत देते, तर डबीची सेन्सिटिव्हिटी एक पायरी खाली आण. जड गाडीला सावकाश प्रतिसादच बरा.

वापरायचं कसं, ते आता तुमच्या रस्त्यावर सांगतो. एम६ वर डाव्या लेनमध्ये जे मोठे ट्रक असतात त्यांचे लिमिटर ५६ मैलांवर बांधलेले असतात. तू ५७ वर धरलंस तर एका ट्रकला मागे टाकायला दोन मिनिटं लागतील आणि मागचे सगळे तुझ्या नावाने बोटं मोडतील. एक तर ५४ धरून अंतर ठेवून मागे राहा, नाहीतर ६० ते ६२ धर. ओलांडताना पायाने थोडा जास्त जोर दे, पाय काढलास की गाडी आपोआप जुन्या वेगावर येते. ७० चा मोह नको. साठावरून सत्तरवर गेलीस की हवेचा अडथळा ३६ टक्क्यांनी वाढतो, आणि तुझी गाडी म्हणजे हवेपुढे उभं केलेलं कपाट. स्पीडोमीटरच्या काट्यावरही जाऊ नकोस. कायद्याने काटा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवला तर चालतो. खरा वेग सॅटनॅववर बघून ठरव.

एम६ वरच्याच शॅपच्या चढाला क्रूझ जोर देईल, पण उताराला ते काहीही करणार नाही. या किटला ब्रेक लावता येत नाही. साठावर धरलेली साडेतीन टनांची गाडी उताराला अडुसष्टवर सहज जाते आणि डबी नुसती बघत बसते. भाऊजींना विचार, खंबाटकीच्या उताराला ट्रकवाले कुठला गिअर ठेवतात. तेच इथेही. गिअर खाली घेतलास म्हणजे क्लच दाबलास, म्हणजे क्रूझ सुटलंच. उतार संपला की ‘रिझ्यूम’ लगेच दाबू नकोस. त्या बटणाला साठ आठवत असतं, तू कुठल्या गिअरमध्ये आहेस ते त्याच्या गावी नसतं. रस्त्याची कामं असलेल्या पट्ट्यातून बाहेर पडताना आणि गोल चौकानंतरही हीच खबरदारी. आधी पायाने वेगाच्या जवळपास ये, मग दाब. मला विचारशील तर त्या बटणावर टेप लाव. दर वेळी नव्याने वेग ठरवावा लागला तर आधी रस्ता बघितला जातो.

पावसात बंद. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि तुझं सगळं सामान, पाण्याची टाकी, सायकली मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लोंबतात. म्हणजे पुढची चाकं मुळात हलकी. साचलेल्या पाण्यावर गाडी थोडी अडखळली की माणूस पाय उचलतो. डबी उलट जोर वाढवते, आणि चाकं पाण्यावर तरंगतात. स्कॉटलंडात पाऊस नसतो तरी कधी, असं तू म्हणशील. मग तिथे पायाने चालव.

पर्थच्या पुढे ए९ वर क्रूझचा खरा उपयोग. डनब्लेनपासून इन्व्हर्नेसपर्यंत सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. तुझ्या गाडीचं रिकामं वजन ३.०५ टनांच्या आत असेल तर एकेरी रस्त्याला ६०, ड्युअलला ७०. वर असेल तर ५० आणि ६०. पत्रिकेसारखं वजनाचं कागदपत्र काढून आधी बघ, मग वेग ठरव. हा रस्ता मध्येच दुहेरी होतो, मध्येच एकेरी. एकेरी पट्ट्यात पुढे गाडी असली की धरून ठेवण्यात अर्थ नाही. पाय ब्रेकपाशी ठेव. क्रूझ लावलं म्हणून मांडी घालून बसणारे मी पाहिलेत. पाय मोकळा झाला तो आराम करायला, लांब जायला नाही. टाच जमिनीवर, पंजा ब्रेकच्या समोर, एवढं सांभाळ. आणि दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचंच. पाय दुखत नाही म्हणून माणूस थांबायचं विसरतो, आणि डोळे मिटायला लागतात ते त्याला कळतही नाही.

इन्व्हर्नेसच्या पुढे एका गाडीपुरते रस्ते लागतात. तिथे स्विच बंदच ठेव. मागे गाडी आली की पासिंग प्लेसला थांबून तिला जाऊ द्यायचं. ६२६ मीटर उंचीच्या बिअलाख ना बा घाटाच्या तोंडाशी मोठ्या गाड्यांनी जाऊ नये अशी पाटी आहे. अनिकेतला फोटो काढायचे असतील तर त्याला पाटीचे काढू दे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने जा.

ताईला मागच्या सीटवर पट्टा लावून बसव. गाडी एकसारखी चाललीय असं दिसलं की ती उठून चहा टाकायला बघेल, मी तिला ओळखतो. गॅस प्रवासात बंदच असला पाहिजे.

किट मागवण्याआधी गाडीचा चासी नंबर आणि अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या मागच्या सॉकेटचा फोटो मला पाठव. वायरी मोजता येतील असा, जवळून काढ. मागच्या दिव्यांचं झाकण उघडून आतलाही एक काढ. ते बघून सांगतो कुठलं किट घ्यायचं ते. इथे आणलीस तर मीच बसवून देईन, पण शनिवारी सकाळी आण, उजेड असताना.

तुझा मामा