दुसरा हँडलर

बीड पोलिसांचा कुत्रा रॉकी 2020 च्या ऑगस्टपासून आमच्या घरातल्या प्रत्येक भांडणात येतो. त्यानं 300 हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत केली, तो गेला तेव्हा पोलिसांनी मानानं निरोप दिला, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं. सगळं खरं, आणि मराठवाड्याला अभिमान वाटावा असंच. पण मी 'जरा वेळेवर घरी येत जा' म्हटलं की यांचं उत्तर एकच: रॉकी. ज्याच्या ट्रेनिंगपायी हे घराबाहेर असतात, त्या आमच्या शेरूनं आजवर एकाच चोरीचा छडा लावलाय, तोही स्वतःच पळवलेल्या पनीरचा.

बरं, रॉकीचंच घेऊ. पोलिसांच्या श्वानपथकात एका कुत्र्यामागे साधारण दोन हँडलर असतात. एक रजेवर गेला तर दुसरा असतो. दोघांची ती नोकरी असते, महिन्याला पगार मिळतो. आमच्याकडेही दोन होते. दुसरी मी, बिनपगारी. नेमणूक झाल्याचं मात्र मला कुणी कळवलं नव्हतं.

आपल्या संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही ते सोसणार नाही. त्यामुळे शेरूच्या ट्रेनिंगचं मैदान पहाटे आणि संध्याकाळी. नेमक्या त्याच वेळा घराच्याही: डबे, स्कूल व्हॅन, सासूबाईंच्या गोळ्या, माझी वाळूजची कंपनी बस. त्यात नळाला पाणी यायचा दिवस असला तर विचारूच नका. एवढ्या दिवसांनी आलेलं पाणी, मी मोटर, पाइप आणि ड्रम यांच्यामध्ये नाचतेय, आणि हे बुटाच्या नाड्या बांधून निघालेले. परत आले की शेरूच्या आंघोळीला बादल्या त्याच पाण्यातून.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पालकसभेनं घात केला.

लेक आठवीत. जूनमध्ये तिची तुकडी बदलून 'क' झाली. माझं ऑडिट होतं म्हणून सभेला हे गेले. 'ब'च्या वर्गात सगळी सभा ऐकली, शेवटी प्रगतिपुस्तक मागितलं, तेव्हा बाईंनी सांगितलं की या नावाची मुलगी इथे नाही. घरी येऊन मलाच म्हणतात, "तुकडी बदलली हे मला कुणी सांगितलं?" आमच्या फ्रिजवर शेरूचा तक्ता आहे. रेबीजच्या लशीची तारीख, जंताचं औषध, वजन, या आठवड्यात काय शिकवलं, सगळं यांच्या सुंदर अक्षरात. त्याला खेटूनच शाळेचं पत्रक होतं. तुकडी त्यावर छापलेली होती.

त्या रविवारी मी न सांगता विद्यापीठ परिसरात, यांच्या ट्रेनिंगच्या मैदानावर गेले. शेरूनं 'सिट', 'स्टे', 'हील' सगळं झकास केलं, खोटं कशाला बोलू? पण दहा-पंधरा मिनिटांत ते आटोपलं. मग त्याला कडुलिंबाला बांधलं आणि मंडळी थर्मासमधला चहा ओतून घेत, कुणाच्या कुत्र्याचा बाप कुठल्या शोमध्ये काय जिंकला, यावर रंगली. हेच ते 'दोन तासांचं ट्रेनिंग'! मला बघून त्यांचे ट्रेनिंगचे सर म्हणाले, "वहिनी, कुत्र्याला वेळ द्यावाच लागतो." कुत्रा तेव्हा झोपला होता.

तेव्हा ज्यांच्या घरी कुत्र्याच्या ट्रेनिंगची सुरुवात व्हायचीय त्यांनी ऐका. कुत्र्याचं लक्ष एका दमात पाच-दहा मिनिटंच टिकतं. तेवढे दोन-तीन पाठ गच्चीवर होतात. मैदान लागतं ते बाकीची कुत्री-माणसं असताना ऐकायची सवय लावायला, आणि त्याला आठवड्याचे दोन-तीन दिवस पुरतात. चहाचा वेळ वेगळा मागून घ्यावा, ट्रेनिंगच्या नावावर खपवू नये. आज्ञेचे शब्द घरात सगळ्यांचे एकच हवेत. हे 'डाउन' म्हणणार, सासूबाई 'बस रे बाबा' म्हणणार, शेरू गोंधळला की 'तुम्ही बिघडवलात' हे ठरलेलं. शब्दांपेक्षा खुणा कुत्री लवकर उचलतात. सासूबाईंनी नुसता तळहात खाली दाबला तरी आता तो बसतो. यांच्या सांगण्यावर कधी कधी विचार करतो.

आंघोळ महिन्याला एक पुरे, रोज ब्रश फिरवा, हे पशुवैद्यांनी यांच्यासमोर सांगितलं म्हणून बरं, माझं कोण ऐकतंय! आणि हौसेला कुत्रं घेताना हवाही बघा. जर्मन शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. मे महिन्यात आमच्याकडे कूलर शेरूपुढे आणि सासूबाई पंख्याखाली. आपल्याकडचं कारवानी अंगानं सडपातळ, केस आखूड, त्याला ऊन त्या मानानं सोसतं. बाकी खर्च लिहून ठेवा, आपसात बोला, वेळ वाटून घ्या वगैरे आहेच.

चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं शेरूचं नोंदणीपत्र आमच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये आहे. लेकीचं एलिमेंटरी ड्रॉइंगचं प्रमाणपत्र कपाटात पडून होतं. तेही मी फ्रेम करून शेजारी लावलं, चार बोटं वर.

गेल्या भाऊबीजेला शो जवळ आला म्हणून माझं परभणीला जाणं राहिलं होतं. यंदा जूनमध्येच कालनिर्णयवर लाल पेननं लिहून टाकलंय. ते वाचून हे म्हणाले, "मग तेवढे दिवस शेरूचं कोण बघणार?" भरपूर महिने आहेत हातात. चहाला जमणाऱ्यांपैकी कुणी तयार होतंय का, विचारून बघावं.