कच्च्याला प्यायचंच पाणी

हुरड्यानं कुणाचं पोट बिघडलेलं मी आजवर पाहिलं नाही. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळून गरमगरम खाल्लं, की त्यावर जे काही मरण्यासारखं होतं ते विस्तवातच मेलेलं असतं. पोट बिघडवतात ती हुरड्याच्या शेजारची मंडळी : पेरू, काकडी, गाजर, कोथिंबीर. त्यांचाही दोष नसतो. ती ज्या पाण्यात धुतली, ते पाणी नडतं.

हे सांगायचं कारण असं, की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमेवरच्या तालुक्यांत हल्ली हुरड्याच्या जोडीला कोशिंबिरीचं मोठं ताट आलं आहे. पुण्या-हैदराबादहून आलेल्या लेकी-सुना त्याला सॅलड म्हणतात. हुरडा, डाळिंबाचे दाणे, पेरूच्या फोडी, काकडी, ओला हरभरा, वर लिंबू. चव फार सुरेख लागते आणि पदार्थ पौष्टिकही आहे. पण आपल्या जुन्या जेवणात जवळजवळ सगळं चुलीवरून उतरलेलं असायचं, म्हणून धुण्यातली कसर खपून जायची. कच्च्या ताटाला ही सवलत नाही.

आमच्याकडे हे कळलं ते वेळ अमावस्येला. मार्गशीर्षातली ही अवस म्हणजे बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या पट्ट्यातला शेतावरचा सण. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाचा खिचडा, आणि तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे घालून शिजवलेली भज्जी. गणगोत मिळून पंचवीस-तीस माणसं होती. त्या वर्षी पोरींनी हौसेनं हुरड्याचं सॅलडही केलं. परातभर केलं आणि परात चाटूनपुसून संपली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून उलट्या-जुलाब. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन माणसं आडवी. माझी भाची पाच महिन्यांची गरोदर होती, तिला सलाईन लावावं लागलं. सगळ्यांची बोटं आंबिलीकडे वळली, कारण ती आंबट आणि रात्रभर ठेवलेली. सासूबाई तर चिडल्याच. "आंबील काय आजची आहे का ओ? पिढ्या गेल्या पिऊन!"

डॉक्टरांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "काय काय खाल्लं ते नंतर सांगा. कच्चं काय खाल्लं ते आधी सांगा." मग आम्ही एकेकाला विचारत गेलो. उत्तर दिलं ते आमच्या आत्याबाईंनी, तेही न बोलता. त्यांना एकही दात नाही. दोन वाट्या आंबील प्यायल्या, भज्जी कालवून खाल्ली, पेरू-गाजराला हातही लावला नाही, आणि त्या ठणठणीत होत्या. ज्यांनी परातीतलं खाल्लं, त्यांतले बहुतेक आजारी. ज्यांनी खाल्लं नाही, ते बरे.

पोरींनी भाज्या धुतल्या नव्हत्या असं नाही. चांगल्या दोनदा धुतल्या होत्या, पण बोअरशेजारच्या हौदात. त्या हौदावर बैल पाणी पितात, पोरं पाय धुतात, कडेला शेवाळ धरलेलं असतं. प्यायचं पाणी घरून घागरीत आणलं होतं आणि ते जपून ठेवलं होतं. यात निष्काळजीपणा म्हणावा तर तसंही नाही. प्यायचं पाणी भाजी धुण्यात घालवू नये, ही आमच्या भागाची शिकवणच आहे. बिदरचं पठार जांभ्या दगडाचं. त्याच्या पोटातलं पाणी वस्तीला मिळावं म्हणून बहमनी काळात जमिनीखालून भुयारी कालवा खणला गेला. नौबादची ती सुरंग बावी आजही पाहायला मिळते. अशा मुलखात प्यायचं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं ठेवतात, ते शहाणपणाचंच आहे. फक्त कच्चं फळ त्यातल्या कुठल्या बाजूला मोडतं, हे आपण कधी ठरवलेलं नाही.

ते प्यायच्या बाजूला मोडतं. जे पाणी पेल्यात ओतून लहान मुलाला देणार नाही, ते कच्च्या फळाला लावायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं दिली, त्यांतलं पाचवं हेच आहे : पाणी आणि कच्चा माल सुरक्षित हवा.

धुण्याची रीत

आधी हात, साबणानं. मग सुरी, विळी आणि पाट. त्यानंतर फळं.

पाण्याची काटकसर करायचीच असेल तर अशी करावी. माती काढायला बोअरच्या नळीतून थेट पडणारं पाणी चालेल, हौदात साठलेलं नको. शेवटचं धुणं मात्र प्यायच्या पाण्याचं. बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते निर्धोक असतंच असं नाही. जवळ शोषखड्डा किंवा उकिरडा असेल तर शंका घ्यावी आणि शेवटच्या धुण्याचं पाणी उकळून गार केलेलं घ्यावं.

कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात यांना सगळ्यात जास्त वेळ द्यावा. आपली काळी माती चिकट, देठांच्या बेचक्यात लिंपून बसते. जुडी तशीच नळाखाली धरून काही होत नाही. जुडी सोडावी, मुळं कापावीत, खराब पानं काढावीत आणि पसरट पातेल्यात बुडवून हलवावी. मग पाणी ओतून न देता भाजी वर उचलून घ्यावी. पाणी ओतलं तर तळाला बसलेला गाळ पुन्हा पानांवर येतो. पहिलं पाणी शाईसारखं निघतं, दुसरं राखाडी. पातेल्याच्या तळावर बोट फिरवून कचकच लागेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहावं.

गाजर आणि पेरू हातानं किंवा त्यासाठीच ठेवलेल्या मऊ ब्रशनं चोळून धुवावेत. पेरूच्या बुडाशी जिथे फूल सुकलेलं असतं, त्या खळगीत धूळ अडकते. तो भाग कापूनच टाकावा. डाळिंब, कलिंगड, खरबूज यांची साल खायची नसली तरी ती आधी धुवायची. सुरी सालीवरची घाण ओढत आतल्या गरापर्यंत नेते. अमेरिकेत 2011 साली खरबुजांवरून लिस्टेरिया जंतूची साथ आली, त्यात 33 माणसं दगावली. जंतू होते सालीवरच.

द्राक्षांवर पांढुरकी लव दिसते, ती नैसर्गिक असते. फवारणीची भीती मात्र खोटी नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली सफरचंदांवर प्रयोग केला. खायच्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशकं निघून गेली, सालीत मुरलेला भाग मात्र राहिला. त्यांचं प्रमाण साधारण एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम सोडा असं होतं. द्राक्षं सुटी करून असं भिजवायला हरकत नाही, नंतर साध्या पाण्यानं धुवावीत. साबण किंवा भांड्यांची पावडर फळांना कधीही लावू नये. त्यांचा अंश आत मुरतो आणि पोटात जातो.

कोबीतला किडा मेंदूत जातो, अशी भीती आपल्याकडे घरोघर आहे. खरी गोष्ट अशी, की डुकरांमधल्या फीतकृमीची लागण झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत आणि पाण्यात येतात, तिथून कुठल्याही कच्च्या भाजीवर. म्हणून कोबी टाळून भागत नाही. नाल्याच्या पाण्यावर पिकवलेली पालेभाजी कच्ची खाऊच नये, ती शिजवावी.

धुतल्यावर सगळं स्वच्छ कोरड्या फडक्यावर निथळू द्यावं. ओल्यात उरलेसुरले जंतू लवकर वाढतात.

धान्याची बाजू

हुरडा ताजा भाजून, पाखडून, गार करून घ्यावा. आपल्या कन्नड शेजारणी त्याला सीतनी म्हणतात. हंगाम संपला की अख्खी ज्वारी घ्यावी. मालदांडी चांगली. ती निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी, भिजवलेलं पाणी टाकून द्यावं आणि कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या झाल्यावर मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवावी. दाणा बोटानं दाबला की मऊ लागला पाहिजे, पण फुटता कामा नये.

ज्वारीला मोड आणून ती कच्ची खायची टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नये. कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाऊन जनावराला किराळ लागते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडातही तयार होतं. मटकी, मूग, मेथी यांचे मोड वेगळे, पण तेही वाफवूनच घालावेत. दमट, कोमट फडक्यात मोडाबरोबर जंतूही वाढतात. जर्मनीत 2011 साली मेथीच्या मोडांवरून ई-कोलायची साथ पसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली.

शिजवलेलं धान्य पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवणं ही दुसरी खोड. शिजवूनही टिकून राहणारे काही जंतू कोमट भातात, ज्वारीत जोमानं वाढतात. ज्वारी परातीत पातळ पसरून गार करावी आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी किंवा खाऊन संपवावी. कलबुर्गीच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच.

जुनाट, कुबट वास येणारं धान्य धुऊन चांगलं होत नाही. बुरशीचं विष पाण्यानं जात नाही आणि शिजवूनही जाईलच असं नाही. उपवासाला फळांबरोबर भगर करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. बुलढाणा जिल्ह्यात सोमठाण्याला फेब्रुवारी 2024 मध्ये भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या होत्या. भगर सुटी, कधीची माहीत नसलेली घेऊ नये. बंद पुड्यातली, तारीख पाहून घ्यावी.

ताट मांडताना

चौघांसाठी दोन वाट्या हुरडा किंवा शिजवलेली ज्वारी, एका डाळिंबाचे दाणे, एक करकरीत पेरू, एक काकडी, अर्धी वाटी वाफवलेला ओला हरभरा, मूठभर पात आणि कोथिंबीर. सोलापुरी डाळिंब मिळालं तर उत्तमच. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू आणि चमचाभर कारळाची चटणी. तेलात हिंगाची फोडणी दिली की चव आपली होते. मीठ अगदी शेवटी घालावं, नाहीतर काकडीला पाणी सुटून सगळं लदबद होतं. फळं जेवायला बसायच्या वेळीच चिरावीत. शेतावर न्यायचं असेल तर फळं घरी धुऊन, पुसून, अख्खी न्यावीत आणि चिरायची सुरी धुतलेल्या कपड्यात गुंडाळून न्यावी. उरलेलं संध्याकाळसाठी झाकून ठेवू नये.

गरोदर बाई, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या वाटचं वेगळं काढावं : शिजवलेली ज्वारी, वाफवलेला हरभरा आणि त्यांच्यासमोर सोललेलं केळं किंवा संत्रं.

एवढं करूनही कुणाला जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट देत राहावं. ओआरएसची पुडी असेल तर अधिक चांगलं. शौचातून रक्त, अंगात ताप, लघवी कमी होणं, डोळे खोल जाणं यांतलं काहीही दिसलं की घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आणि शेतावर प्यायच्या पाण्याची एकच घागर असेल तर? तर त्या दिवशी सॅलडचा हट्ट सोडावा. हुरडा भाजावा, दाणे उकडावेत, केळी ठेवावीत, भज्जी आहेच. पाहुणे उपाशी जात नाहीत. पाणी कमी असेल तर ताटातलं कच्चं कमी करावं, धुणं कमी करू नये. आमच्या घरी आता वेळ अमावस्येला गाडीत दोन घागरी जातात, आणि दुसरी कशासाठी हे कुणी विचारत नाही.