वेबसाइटवर मुक्त शिक्षणाचा बॅज : पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

शाळेच्या, शिकवणीच्या किंवा स्वतःच्या वेबसाइटच्या तळाशी एक लहानसा बॅज लावायचा आहे. ‘हे साहित्य सर्वांसाठी खुलं आहे’ असं सांगणारा, किंवा ‘मुक्त शैक्षणिक साहित्याला आमचा पाठिंबा आहे’ असं सांगणारा. त्याला किती खर्च येतो, असं अनेक शिक्षक विचारतात. बॅजचा खर्च शून्य आहे. नोंदणी शुल्क नाही, वार्षिक वर्गणी नाही, प्रमाणपत्राची फी नाही. पैसे आणि वेळ लागतात ते बॅजच्या आजूबाजूच्या कामांना, आणि ती कामं आधी माहीत असली तर खिशातला पैसा योग्य जागी जातो.

आधी कोणता बॅज हवा ते ठरवा, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टी या एकाच नावाखाली येतात. पहिला बॅज परवान्याचा. तुम्ही स्वतः तयार केलेल्या नोट्स, प्रश्नसंच, व्हिडिओ किंवा गोष्टी इतरांनी वापरायला तुमची परवानगी आहे, असं तो जाहीर करतो. दुसरा नुसत्या पाठिंब्याचा. दुसऱ्या कुणाचं तरी साहित्य चांगलं आहे, तिकडे जा, असं तो वाचकाला सांगतो. दुसऱ्या बॅजची जबाबदारी हलकी असते. पहिला मात्र कायद्याच्या भाषेतला शब्द असतो.

परवान्यासाठी जगभर क्रिएटिव्ह कॉमन्सचे बॅज वापरले जातात. ही संस्था 2001 मध्ये स्थापन झाली, पहिले परवाने डिसेंबर 2002 मध्ये आले, आणि सध्याची 4.0 आवृत्ती 2013 पासून चालू आहे. त्यांच्या वेबसाइटवर परवाना निवडायचं एक साधन आहे. दोन-चार प्रश्नांची उत्तरं दिली की तयार कोड मिळतो. बॅजचा नेहमीचा आकार 88 बाय 31 पिक्सेल, त्याहून छोटा 80 बाय 15. संस्थेकडे कोणतीही नोंदवही नाही, त्यामुळे ‘तुमचा परवाना नोंदवून देतो, एवढे पैसे द्या’ असं कुणी म्हणालं तर तो माणूस तुम्हाला फसवतो आहे.

कोड लावायचं काम दहा मिनिटांचं आहे. ब्लॉगरवर ‘लेआउट’मध्ये जाऊन एचटीएमएलचं गॅजेट जोडायचं आणि कोड त्यात चिकटवायचा. वर्डप्रेसवर ‘कस्टम एचटीएमएल’चा ब्लॉक घ्यायचा. वेबसाइट बाहेरच्या डिझायनरने बांधलेली असेल तर हात लावायचे तो पाचशे ते हजार-दीड हजार रुपये मागेल. एवढ्याशा कामासाठी वेगळं बोलावण्यापेक्षा पुढच्या दुरुस्तीत ते करून घ्या. बॅजचं चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढू नका, आपल्या साइटवर उतरवून ठेवा. फाइल जेमतेम काही किलोबाइटची असते. चित्राला मराठीत पर्यायी मजकूरही द्या, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकालाही परवाना कळेल.

स्वतःची साइटच नसेल तर? ब्लॉगरची मोफत जागा पुरते. स्वतःचं नाव हवं असेल तर .in डोमेनला वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपये आणि साध्या होस्टिंगला दीड-दोन हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत धरा. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तो अनेकदा दुप्पट असतो, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. सुरक्षित साइटसाठी लागणारं एसएसएल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं. त्यासाठी वेगळं बिल आलं तर कारण विचारा.

खरा खर्च साफसफाईचा

परवान्याचा बॅज साइटच्या तळाशी लावला की तो सगळ्या पानांना लागू आहे असं वाचक धरून चालतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक शैक्षणिक साइटवर गूगलवरून उचललेली चित्रं, खाजगी गाइडमधल्या आकृत्या, कुणाच्या तरी पीडीएफमधली पानं बिनधास्त पडलेली असतात. जे आपलं नाही, त्याची परवानगी आपण देऊ शकत नाही. म्हणून बॅज लावण्याआधी एकेक पान उघडून पाहावं लागतं. पन्नासएक पानांच्या साइटला दोन शनिवार-रविवार सहज जातात. उचललेल्या चित्रांच्या जागी विकिमीडिया कॉमन्सवरची चित्रं घेता येतात, पैसे न देता. फक्त चित्राचं नाव, चित्रकार किंवा छायाचित्रकार, मूळ दुवा आणि परवाना या चार गोष्टी खाली लिहायच्या. नवीन आकृत्या चित्रकाराकडून काढून घेतल्या तर एका साध्या आकृतीला काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत द्यावे लागतात, आणि ते आनंदाने द्यावेत. त्याच्याशी लेखी ठरवा की हे चित्र खुल्या परवान्याखाली जाणार आहे.

शिक्षकांनी एक गोष्ट नीट वाचावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. शाळेच्या कामात तयार केलेले प्रश्नसंच तुम्ही स्वतःच्या नावाने खुले करणार असाल तर संस्थेचं दोन ओळींचं संमतीपत्र घ्या. मुलांच्या चित्रांचे आणि निबंधांचे हक्क मुलांचे असतात, तिथे पालकांची लेखी संमती हवी. मुलांचे फोटो तर परवान्याखाली देऊच नका. परवाना कॉपीराइटपुरता असतो, मुलाच्या खाजगीपणाची हमी तो घेत नाही.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांबाबत फार गोंधळ दिसतो. पीडीएफ मोफत उतरवता येतात, म्हणून ती आपल्या साइटवर चढवून खाली खुल्या परवान्याचा बॅज लावलेला अनेक ठिकाणी आढळतो. त्या पुस्तकांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव आहेत. दुवा द्या, पण प्रत चढवू नका. याच्या उलट ‘श्यामची आई’चं उदाहरण घ्या. साने गुरुजींचं निधन 1950 साली झालं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, म्हणून 1 जानेवारी 2011 पासून त्यांचं साहित्य सर्वांचं झालं. ते साइटवर ठेवायला अडचण नाही. मात्र त्यावर स्वतःच्या परवान्याचा बॅज लावू नका, त्यासाठी ‘पब्लिक डोमेन मार्क’ नावाचं वेगळं चिन्ह आहे. आणि एखाद्या प्रकाशकाच्या नव्या आवृत्तीतलं मुखपृष्ठ किंवा चित्रं त्यात येऊ देऊ नका.

परवाना निवडताना एक किंमत मोजावीच लागते, आणि ती पैशात नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना मागे घेता येत नाही. उद्या बॅज काढला तरी ज्याने काल साहित्य घेतलं त्याचा हक्क कायम राहतो. याच नोट्सचं पुढे विक्रीचं पुस्तक करायचा विचार असेल तर आजच ‘अव्यावसायिक’ अट घाला किंवा थांबा. पण ती अट सवयीने घालू नका, अशी माझी विनंती आहे. त्या अटीमुळे तुमचं साहित्य विकिपीडियात जाऊ शकत नाही आणि नाममात्र किंमत घेऊन पुस्तिका छापणारी छोटी संस्थाही बिचकते. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हरवरच्या गोष्टी केवळ श्रेय देण्याच्या अटीवर खुल्या आहेत. त्यामुळे कुणीही त्या मराठीत आणू शकतो, छापू शकतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे संगणक-धडे, मराठीतलेसुद्धा, श्रेय द्या आणि त्याच अटीवर पुढे वाटा अशा परवान्याखाली आहेत. माझ्या मते शिक्षकासाठी हे दोन परवाने पुरेसे आहेत.

पाठिंब्याचा बॅज, आणि त्याच्या नावावरचा धंदा

मुक्त शैक्षणिक साहित्यासाठी युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक लोगो स्वीकारला. ब्राझीलच्या जोनाथस मेलो यांनी तो काढला आणि श्रेय देण्याच्या परवान्याखाली खुला केला. पाठिंबा दाखवायला तो उत्तम, खर्च शून्य. युनेस्कोचा स्वतःचा लोगो मात्र परवानगीशिवाय लावायचा नाही. विकिपीडियाच्या तुकड्यांच्या गोलाचंही तसंच आहे. मजकूर खुला असला तरी ते बोधचिन्ह संस्थेची मालमत्ता आहे. शंका असेल तिथे साध्या अक्षरांत नाव लिहून दुवा द्या. वाचकाला तेवढंच हवं असतं.

आता सावधगिरीची गोष्ट. ‘तुमच्या ब्लॉगची सर्वोत्तम शैक्षणिक ब्लॉगमध्ये निवड झाली आहे, हा बॅज लावा’ असे ईमेल येतात. काही पैसे मागतात, काही मागत नाहीत. जे मागत नाहीत त्यांच्या कोडमध्ये अनेकदा कर्ज, जुगार किंवा निबंध लिहून देणाऱ्या कंपन्यांचे दुवे लपवलेले असतात. बॅजमधून असे दुवे पसरवणं गूगल स्पॅममध्ये मोजतं आणि त्याचा फटका तुमच्या साइटला बसू शकतो. चिकटवण्याआधी कोड वाचा. त्यात एक चित्र आणि एक ओळखीचा दुवा एवढंच असावं. ‘स्क्रिप्ट’ हा शब्द दिसला तर तो बॅज नको. आपल्या साइटवर मुलं येतात, त्यांच्या वावराची नोंद तिसऱ्याला देण्याचं काही कारण नाही.

पाठिंबा पैशानेही द्यायचा असेल तर बॅजऐवजी थेट संस्थेला द्या. भारतातल्या पात्र संस्थेला यूपीआयने दिलेल्या देणगीवर तुम्हाला वेगळं शुल्क पडत नाही. जुन्या करपद्धतीत देणगीची वजावट मिळू शकते, पण दोन हजारांवरची रोख देणगी त्यात बसत नाही. परदेशी संस्थेला कार्डने दिलेल्या पैशांवर बँका साधारण 2 ते 3.5 टक्के परकीय चलन शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी लावतात. म्हणजे हजार रुपयांच्या देणगीवर जास्तीत जास्त 41 रुपयांच्या आसपास. परदेशातल्या मराठी मंडळींनी इथल्या संस्थेला देताना आधी विचारावं: भारतीय पासपोर्ट असेल तर सहसा अडचण नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ती देणगी फक्त एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. नोंदणी नसलेल्या छोट्या शाळेला असे पैसे पाठवले तर शाळाच अडचणीत येते.

म्हणून माझा सल्ला असा. बॅज फुकट घ्या, आणि ज्यासाठी हजार-दोन हजार बाजूला काढले होते ते एखाद्या चित्रकाराला, टंकलेखकाला किंवा मराठी अनुवाद करणाऱ्याला द्या. वर्षातून एकदा, जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी, बॅजवरचा प्रत्येक दुवा स्वतः दाबून पाहा आणि मेलेले दुवे काढून टाका.