पंपाला पाना लावण्याआधी

जुनी डिझेल पिकअप उभ्या जागी थरथरू लागली, क्लच दाबताच बंद पडू लागली, की बहुतेक गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येतं : ‘पंप उतरवावा लागेल.’ माझ्या गाडीचा पंपही याच वाक्यावर उघडला गेला आणि त्याचं बिल मला भरावं लागलं. तो राग अजून आहे. पण माझं म्हणणं रागावर उभं नाही. यांत्रिक इंजेक्शन पंपाच्या गाडीत दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर आहे की पंपात, हे पंपाला हात न लावता ठरवता येतं. ते न ठरवता पंप उघडणारा मेस्त्री गिऱ्हाइकाच्या पैशावर अंदाज बांधत असतो.

या वाटेवरच्या दोषाकडे दुर्लक्ष का होतं, त्याला कारण आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथला पाइप चिरला, क्लिप सैल झाली की डिझेल बाहेर टपकण्याऐवजी हवा आत शिरते. जमीन कोरडी दिसते आणि मेस्त्री छातीठोकपणे सांगतो, ‘लाइन ओके आहे.’ स्लोवर इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात डिझेल अगदी थोडं लागतं, म्हणून थोडीशी हवाही तिथे लगेच जाणवते. रेस दिली की तीच गाडी सुरळीत वाटते. रात्रभर उभी राहून सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल आणि हातपंप मारल्यावर पटकन चालू होत असेल, तर संशय आधी हवेवर घ्यावा. माल भरून चढावर दम तुटत असेल तर फिल्टर किंवा टाकीतली जाळी. बराच वेळ चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण सैल करताच आत हवा ओढल्याचा आवाज येत असेल, तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. थरथर न होता, चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडत असेल तर स्टॉप सोलेनॉइडची वायर हलवून बघावी. आणि इंजिनाचा आवाज एकसारखा असून फक्त केबिन हलत असेल, तर इंजिनाचे माउंटिंग रबर बघा.

सगळ्यात भक्कम पुरावा कॅनचा. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंचावर बांधायचा, टाकीकडून येणारी लाइन सोडून फीड पंपाला कॅनमधून नळी द्यायची, रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडायचा, हवा काढून गाडी चालू करायची. थरथर गेली तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे, फार तर फीड पंपात आहे, वाद संपला. राहिली तर पुढे फिल्टर, त्याचे वॉशर आणि नोझल. स्लोवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून पाहायचा. ज्याने इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. तिथे नोझल टेस्टरवर तपासा, टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघा. मात्र ही नट सैल करायची रीत कॉमन रेल गाडीत कधीही वापरू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

यावर एक आक्षेप येतो की जुन्या गाडीचा पंप झिजतोच, मग वेळ कशाला घालवायचा? झिजतो, मान्य. पंपातला गव्हर्नर ढिला झाला की स्लो वरखाली होतो, हेही खरं. पण कॅन लावल्यावर, नोझल तपासल्यावर तो वरखाली होत राहिला, तरच ते म्हणणं टिकतं. दुसरा आक्षेप भाड्याचा : गाडी उभी राहिली की दिवस बुडतो. कॅनची परीक्षा तासाभराच्या आत उरकते. पंप कॅलिब्रेशनला गेला की गाडी उभीच. तिसरं सुचवलं जातं ते स्लोचा स्क्रू वाढवून काम भागवणं. याला माझा सक्त विरोध आहे. रेस वाढल्याने दोष झाकला जातो, आणि तो नारायणगावचा टोमॅटो भरून माळशेज उतरताना गिअर बदलायला क्लच दाबला त्या क्षणी उघडा पडतो. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं.

पंप उतरवायचाच असेल तर उघडण्याआधी तो टेस्ट बेंचवर लावायला सांगा, आधीचे आकडे कागदावर घ्या, उघडताना समोर उभे राहा. बदललेले भाग आणि जुने वॉशर पिशवीत घालून घरी आणा. फिल्टर वेळेवर बदला, त्याच्या तळाचं पाणी काढत जा, हे सगळेच सांगतात. आकडे मागा, हे कोणी सांगत नाही. आकडे द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून गाडी तशीच परत घ्या.