रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून

आमच्या घरातली गोष्ट मी इथे सांगणार नाही. ती पोलीस ठाण्याच्या कागदावर आलेली आहे, चुकीची आलेली आहे, आणि मी कितीदाही सांगितली तरी त्या कागदाला फरक पडत नाही. मला बोलायचंय ते त्या कागदाच्या भाषेविषयी. दुचाकीच्या अपघाताची फिर्याद ज्यांनी वाचली असेल त्यांना तिचं ठरलेलं वाक्य पाठ असेल. ‘आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’, पुढे अपघात, पुढे मृत्यू, आणि चालवणारा स्वतःच गेला असेल तर ‘स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत’. वर मयताचं नाव, वय 16 किंवा 17 वर्षे, धंदा शिक्षण. पहिल्या वाचनात यातलं काही डोक्यात शिरत नाही, आईबापाची नजर नावापाशीच अडते. पाचव्या-सहाव्या वाचनात चरका बसतो. रस्त्याची परिस्थिती या वाक्यात आहे की! फक्त ती रस्ता सांभाळणाऱ्याच्या खात्यावर न टाकता पोराच्या खात्यावर टाकली आहे. परिस्थिती वाईट असेलही, पण दुर्लक्ष त्यानं केलं. हे वाक्य छापील असतं, लिहिणाऱ्याचा कुणावर राग नसतो, हे मला कळतं. पण छापील आहे म्हणूनच ते जास्त घातक आहे. खड्डा पाहायच्या आधीच ते तयार असतं.

माझं म्हणणं असं, की गेलेल्या मुलाची आठवण राखायची तर सगळ्यात आधी हे वाक्य अडवावं लागतं. फोटोला हार, वर्षश्राद्ध, वाढदिवसाला शाळेत वह्या वाटणं हे सगळं घराच्या उंबऱ्याच्या आत. बाहेरच्या जगात त्याच्या सोळा वर्षांचा एकच अधिकृत जबाब उरतो आणि तो दुसऱ्यानं लिहिलेला असतो. नातेवाईकही हळूहळू त्या कागदाच्या भाषेत बोलू लागतात. ‘गाडीचं भारी वेड होतं हो त्याला.’ त्याला गाडीखेरीज कशाकशाचं वेड होतं हे मग कुणी विचारत नाही. आणि हा प्रश्न निव्वळ भावनेचा नाही. तोच कागद पुढे विमा कंपनीचा वकील वाचतो, न्यायाधिकरण वाचतं, आणि त्याच कागदांची बेरीज होऊन दिल्लीत देशाची आकडेवारी तयार होते.

मुंबईतल्या दादाराव बिल्होरे यांच्या मुलाचं उदाहरण या सगळ्याच्या मुळाशी नेतं. 28 जुलै 2015 रोजी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर 16 वर्षांचा प्रकाश गेला. तो गाडी चालवत नव्हता, नात्यातल्या भावाच्या मागे बसला होता. पावसाच्या पाण्याखाली गेलेला खड्डा दिसला नाही. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो वाचला. प्रकाशच्या डोक्यावर नव्हतं. भाजीचा धंदा करणाऱ्या या बापानं त्यानंतर मुंबईचे खड्डे स्वतःच्या हातानं बुजवायला घेतले. पहिल्या तीन वर्षांत सुमारे 600 बुजवले. लोक त्यांना ‘पॉटहोल दादा’ म्हणू लागले, परदेशी वृत्तसंस्थांनी बातम्या केल्या. या एका मृत्यूला दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. हेल्मेट नसणं हे मुलाच्या बाजूचं कारण, ते दोन सेकंदांत दिसतं. खड्डा हे दुसऱ्या बाजूचं, आणि तो सिद्ध करायला निविदा, कामाचा आदेश, देखभालीची नोंद, तक्रारीची तारीख असं सगळं शोधावं लागतं. दिसणारं कारण कागदावर सहज येतं. शोधावं लागणारं कारण कुणीतरी शोधलं तरच येतं. बिल्होरे यांनी दुसरं कारण इतकं लोकांसमोर ठेवलं की प्रकाशचं नाव आज हेल्मेटशी नाही, खड्ड्याशी जोडलेलं आहे. किती बापांना हे जमतं?

आता आकड्यांकडे येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगामुळे, असं अहवाल म्हणतो. खड्ड्यांमुळे गेलेले 1,856, म्हणजे शंभरात एकाहून जेमतेम जास्त. हे वाचून कुणीही म्हणेल की बाई, रस्त्याला कशाला दोष देता, पोरांचा वेग आवरा. पण हे कारण ठरवतं कोण? हा अहवाल राज्यांच्या पोलिसांनी पाठवलेल्या माहितीवर उभा असतो, आणि त्या माहितीच्या तळाशी तेच छापील वाक्य असतं. बहुतेक अपघातांत वेग कुणी मोजलेला नसतो. मोडलेल्या गाडीकडे आणि पडलेल्या मुलाकडे पाहून तो काढला जातो. त्याच मंत्रालयाच्या हिशेबात 2017 मध्ये खड्ड्यांनी 3,597 बळी घेतले होते, त्यातले 726 महाराष्ट्रात. पाच वर्षांत देशभरातले खड्डे निम्म्यानं कमी झाले, की खड्ड्यांची नोंद निम्मी झाली? ज्याला पहिलं उत्तर पटतं त्यानं एखाद्या जुलैत पुणे-नाशिक महामार्गावर नाशिक फाट्यापासून राजगुरुनगरपर्यंत दुचाकीवर जाऊन यावं. वेग मारतो, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप एवढाच, की न मोजलेला वेग हे कारण ठरतं आणि टेपनं मोजता येणारा खड्डा मात्र ‘परिस्थिती’ ठरतो.

आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. देशभर धावणाऱ्या दुचाक्या, मोटारी, ट्रक पिंपरी, चाकणला बनतात आणि त्या चालवायला लागणारा रस्ता मात्र नक्की कुणाचा हे विचारायची सोय नाही. मोशीपर्यंत महापालिका. पुढे पुणे-नाशिक महामार्ग राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. चाकण गावात नगरपरिषद, कारखान्यांच्या आत एमआयडीसी, महाळुंगे-निघोजेच्या बाजूला कुठे ग्रामपंचायत, कुठे सार्वजनिक बांधकाम, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पीएमआरडीए हे प्रादेशिक विकास प्राधिकरण. तळेगाव चौकातून आंबेठाण चौकापर्यंत जाताना माणूस किती हद्दी ओलांडतो ते त्याला कळत नाही, पण खड्ड्याला बरोबर कळतं. तो नेहमी दुसऱ्याच्याच हद्दीत निघतो. ऑगस्ट 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे चाकणला पाहणीला आले, अधिकाऱ्यांची पळापळ झाली. चांगलं झालं. पण ते आले वाहतूक कोंडीसाठी. कोंडीत उद्योगाचा वेळ जातो आणि वेळेचा हिशेब लावणारे पुष्कळ असतात. गंमत अशी, की दिवसा जिथे अर्धा-अर्धा तास चाक हलत नाही त्याच रस्त्यावरच्या फिर्यादीत पोरगं ‘भरधाव’ असतं. रात्री रस्ता मोकळा असतो आणि पोरं पळवतात, हेही खरंच. रात्रीच कंटेनर दिवे न लावता कडेला उभे असतात, ते फिर्यादीत कुठे जातं?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिलीच कशी? प्रश्न रास्त आहे, आणि कायद्यानं त्याचं उत्तर कडक दिलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. गाडी दिली असेल तर आईबापानं हे ऐकून घेतलं पाहिजे, मीही ऐकते. पण त्याच दुरुस्तीत, त्याच पानांवर, कलम 198अ पण आलं. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू झाला तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. बापाला तुरुंग, ठेकेदाराला लाखभर रुपये, हा फरक एक वेळ सोडून देऊ. पहिलं कलम चौकातल्या हवालदारालाही पाठ आहे. दुसरं लावलेलं तुम्ही कधी ऐकलंत? कल्याणीनगरला 19 मे 2024 रोजी जे घडलं, त्यानंतर तर प्रत्येक सतरा वर्षांच्या मुलाकडे लोक त्याच नजरेनं पाहतात. तिथे दोन तरुण अभियंते जिवानिशी गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला आधी 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्याचं म्हणणं निदान त्याच्याच हातानं लिहायचं होतं. आमच्या पोरांचा निबंध ठाणे अंमलदार लिहितो.

दुसरा आक्षेप असा, की त्याच खड्ड्यावरून हजारो लोक रोज जातात, बाकी कुणी मेलं नाही. या न्यायानं उघडं गटारही निर्दोष ठरेल. हजार माणसं वाचली ती खड्ड्याच्या मेहरबानीनं वाचली नाहीत, चुकवून वाचली. रस्ता वापरणाऱ्याकडून थोडी चूक होणार हे धरूनच रस्ता बांधायचा असतो, आणि सोळाव्या वर्षी ती जरा जास्त होते, हे कुठल्याही आईला विचारा. न्यायालयंही आता सगळं बळीच्या अंगावर ढकलू देत नाहीत. एका दुचाकीवर तिघं बसले म्हणून मागे बसलेल्याचा आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही, त्या तिसऱ्या माणसाचा अपघाताशी संबंध दाखवावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये तर खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यावेत, ते पुढे जबाबदार अधिकाऱ्यांकडून किंवा ठेकेदारांकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. ‘पैशासाठी चाललंय’ म्हणणारे भेटतीलच. त्यांना उत्तर देत बसू नका. रक्कम ज्याच्या नावावर पडते त्याच्या नावावर दोष पडतो, एवढ्यासाठी मागायची.

आता ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी. हे क्रमानं नाही, जसं आठवतं तसं. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, घरातल्या शुद्धीवर असलेल्या माणसाला जागेवर पाठवा, कारण मंत्री येणार असला की खड्डा रात्रीत बुजतो. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेपनं मोजून, टेप दिसेल असा फोटो काढा. शेजारचा किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची पाटी चौकटीत घ्या. आसपासच्या टपऱ्या, पेट्रोल पंप, कंपनीचं गेट यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते राखून ठेवण्याबद्दल दुकानदाराला आणि पोलीस ठाण्याला लेखी द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. घटनास्थळाच्या पंचनाम्यात खड्डा आहे का ते पाहा. नसेल तर पुरवणी जबाब द्यायचा तुम्हाला हक्क आहे, साहेब कितीही कंटाळलेले दिसोत. तुमच्या नावाचा जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. ‘फॉर्मॅलिटी आहे ताई, करून टाका’ हे वाक्य त्या दिवसांत फार गोड आवाजात कानावर पडतं. आरटीओची तपासणी होईपर्यंत गाडी गॅरेजला देऊ नका. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्या रस्त्याचा कामाचा आदेश, ठेकेदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी मागा. हा कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते, आणि मग सगळ्यांची बोलण्याची पट्टी बदलते. मोटार अपघात दाव्याला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे, शोकात ती कधी निघून जाते कळत नाही. आणि हो, ज्यांची मुलं घरी आहेत त्यांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घाला. कायदा चार वर्षांवरच्या सगळ्यांना सांगतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहिलं.

एक गोष्ट मात्र नेमकी सांगते. मुलाच्या वह्या, गुणपत्रिका, प्रवेशाच्या पावत्या, क्रीडास्पर्धेचं मळकं प्रमाणपत्र, आयटीआयचा अर्ज, यातलं काहीही भावनेच्या भरात कुणाला देऊ नका आणि पेटीत बंदही करू नका. न्यायाधिकरणात त्याच्या आयुष्याची किंमत मांडताना ‘कमावता नव्हता’ असं म्हणून एक किरकोळ कल्पित उत्पन्न धरण्याची जुनी रीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये अल्पवयीन बळीचं उत्पन्न राज्यातल्या कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं धरावं असं सांगितलं आहे. तरी समोरचा वकील भांडणारच. तेव्हा टेबलावर ठेवायला हेच कागद लागतात. आपलं पोर काय शिकत होतं, काय होऊ पाहत होतं, हे शिक्का मारून सांगणारे एवढेच साक्षीदार असतात.

दादाराव बिल्होरे यांच्याबद्दल मला कमालीचा आदर आहे आणि एका बाबतीत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडणही आहे. बुजवलेला खड्डा पुढच्या पोराला वाचवतो, यावर काय बोलणार. पण जो खड्डा आपण बुजवतो तो खात्याच्या नोंदीत कधी नसतोच, आणि ज्याचं काम त्याला फुकटात सुट्टी मिळते. कुणी म्हणेल, तुम्ही कागद रंगवत बसा, तोवर आणखी एक जाईल. याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. खडी टाका, पण आधी मोजा, फोटो काढा, तारखेसह तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक वहीत उतरवा, आणि मग टाका. पुढच्या फिर्यादीत कुणी ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ असं लिहायला घेतलं, की दुर्लक्ष कोणत्या तारखेपासून कोण करत होतं ते त्याच्यापुढे ठेवता येईल.